नाताळ आणि भुतं

नाताळात भुताचे सिनेमे बघणं ही ‘अलीकडची टूम’ आहे हे तुमच्या नाताळातल्या भूतपटांच्या यादीच्या लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. बीबीसी १९७१ ते १९७८ दर नाताळात भुताची एक छोटी फिल्म दाखवायची. आणि इंग्रज लेखक डिकन्सची १८४३ची नाताळकथा ‘अ ख्रिसमस कॅरोल’ तरी दुसरी कशाची आहे?

तुमच्या यादीत बीबीसीच्या या फिल्म्सपैकी १९७६ची ‘द सिग्नलमन’ हवीच होती. जेमतेम ४० मिनिटांची. डोंगर कापून काढलेला ओलसर रेल्वेमार्ग, बोगद्याच्या तोंडाशी लाल दिवा आणि केबिनमधली ती घंटा, जी फक्त सिग्नलमन झालेल्या डेनहोम एलियटलाच ऐकू येते. समोर बसलेल्या पाहुण्याला काहीच कळत नाही! भूत दिसतं अगदी थोडा वेळ, पण अंगावर काटा येतो तो त्या घंटेने. आमच्या घरी भयपटांच्या वाटेला न जाणारेसुद्धा ही शेवटपर्यंत बघतात. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी.