‘बारीक नंबराला चष्मा लावू नका’ : फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेली काही वर्षे एक संदेश थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा वाचायला मिळतो. त्याचा सारांश असा : नंबर एकच्या आत असेल तर चष्मा लावू नये, कारण चष्मा ही डोळ्यांची कुबडी आहे आणि ती घेतली की डोळ्यांचे स्नायू आळशी होतात, मग नंबर दरवर्षी चढत जातो आणि चष्मा जन्माचा मागे लागतो, त्याऐवजी रोज डोळ्यांचे व्यायाम केले तर नंबर आपोआप उतरतो, आणि हे कोणी सांगत नाही, कारण बारीक नंबरांवरच चष्म्यांचा धंदा चालतो. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण यात चार वेगवेगळी विधाने एका दमात गुंफलेली आहेत, आणि त्यांच्या मुळाशी असलेली एक गोष्ट खरी असल्यामुळे बाकीचे सगळेच खरे वाटू लागते. म्हणून ती सुटी करून पाहायला हवीत.

कुबडीची उपमा आधी तपासू, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. कुबडी पायाचा भार घेते, म्हणून पायाचे स्नायू सुकतात. चष्मा डोळ्याच्या कोणत्या स्नायूचा भार घेतो? ज्याला आपण बोलताना लांबचा नंबर म्हणतो आणि पाठ्यपुस्तक निकटदृष्टिता म्हणते, त्यात दोष बहुधा स्नायूत नसून नेत्रगोलाच्या लांबीत असतो. मोठ्या माणसाचा नेत्रगोल पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर असतो, आणि ही लांबी एक मिलिमीटरने वाढली तर नंबर सुमारे अडीच ते तीनने उणे बाजूला सरकतो. म्हणजे उणे अर्धा नंबर ही जेमतेम एक पंचमांश मिलिमीटरची गोष्ट आहे. तेवढ्यानेही प्रतिमा दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, किंचित अलीकडे पडते आणि लांबची पाटी पुसट होते. नजर जुळवणारा स्नायू आवळला की नेत्रभिंग फुगते आणि त्याची शक्ती वाढते. पण इथे शक्ती आधीच जास्त आहे, ती कमी करायची आहे, आणि त्यासाठी हा स्नायू सैल सोडण्यापलीकडे डोळ्याला काहीही करता येत नाही. लांब पाहताना तो सैलच असतो. तेव्हा चष्म्याविना पुसट पाटीकडे तासन्‌तास पाहिल्याने कसलाही व्यायाम होत नाही, पाटी तेवढी पुसट राहते.

उलट गंमत अशी की, जवळचे वाचताना हिशेब नेमका फिरतो. उणे पाऊण नंबराचा माणूस ४० सेंटिमीटरवर पुस्तक धरतो असे समजा. त्या अंतरासाठी अडीच डायॉप्टरची जुळवणी लागते (डायॉप्टर म्हणजे ज्या एककात चष्म्याचा नंबर मोजतात ते). चष्मा काढलेला असेल तर डोळ्याची मुळातली जास्तीची पाऊण शक्ती कामी येते आणि स्नायूला पावणेदोनच भरावे लागतात. चष्मा लावलेला असेल तर पुरे अडीच. स्नायूंच्या मेहनतीचेच मोजमाप करायचे तर ती चष्मा लावणाऱ्याच्या डोळ्याला जास्त घडते. कुबडीची उपमा निदान उणे नंबराच्या बाबतीत उलट्या पायावर उभी आहे.

अधिक नंबराची गोष्ट थोडी निराळी आहे, हे मान्य करायला हवे. तिथे नेत्रगोल आखूड असतो, तरुण डोळा स्नायू आवळून ती उणीव स्वतःच भरून काढतो, आणि चष्मा ते काम खरोखर हलके करतो. म्हणून काही जणांना वाटते की तरुणपणी चष्मा टाळला तर हा स्नायू तगडा राहील आणि चाळिशी लांबेल. चाळिशी मात्र नेत्रभिंग ताठर झाल्यामुळे येते. दहाव्या वर्षी जुळवणीची शक्ती बारा-चौदा डायॉप्टरच्या घरात असते, चाळिशीत ती चार-पाचवर आलेली असते आणि साठीत एकच्या आसपास उरते. ज्याने आयुष्यात चष्म्याला हात लावला नाही, त्याचेही हेच होते. आपल्या भाषेने वयाला आणि वाचायच्या चष्म्याला एकच शब्द दिला, त्यामागे हाच अनुभव असावा.

मग चष्मा लावल्यावर डोळे ‘बिघडल्यासारखे’ वाटतात, ते का? ही तक्रार खोटी नाही आणि तिला हसून उडवून लावणे चुकीचे आहे. माझा स्वतःचा नंबर उणे पाऊण. पहिल्या दिवशी चष्मा लावून बाहेर पाहिले तेव्हा समोरच्या झाडाची पाने सुटी सुटी दिसली. तोवर तो माझ्या लेखी हिरवा ढीग होता आणि इतरांनाही तो तसाच दिसत असेल अशी माझी समजूत होती. तीन-चार आठवड्यांनी एके दिवशी चष्मा विसरलो आणि तेच झाड इतके पुसट दिसले की नंबर दुप्पट झाला असे वाटले. तपासणीत तो पाऊणच निघाला. बदलला होता तो मेंदू. सतत पुसट पाहणारा मेंदू त्या पुसटपणाशी जुळवून घेतो, अंदाजाने कडा भरतो आणि तेच नेहमीचे मानतो. स्पष्ट पाहायची संधी मिळाली की ही तडजोड तो सोडून देतो. डोळा तिथेच असतो, तुलना मात्र नवी मिळालेली असते. शिवाय आपण ‘चष्मा लागला’ असे म्हणतो, जसे ‘वेड लागले’ किंवा ‘व्यसन लागले’ म्हणतो. निम्मा संशय त्या क्रियापदातच आहे.

दुसरे विधान नंबर चढण्याचे. मुलांना पहिला चष्मा बहुधा आठ ते बारा या वयात लागतो. याच वयात शरीर वाढत असते, नेत्रगोलही लांबत असतो आणि तो पुढची काही वर्षे लांबत राहतो. त्यामुळे चष्मा आधी आणि वाढ नंतर असा क्रम दिसतो, आणि क्रमालाच कारण समजले जाते. दरवर्षी मोठ्या मापाचा गणवेश शिवावा लागतो, म्हणून गणवेशानेच मूल उंच होते असे कोणी म्हणत नाही. चष्म्याविषयी मात्र नेमके हेच म्हटले जाते. नंबर मुद्दाम कमी दिला तर वाढ थांबते का, हेही तपासून झाले आहे. मलेशियात झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९४ मुलांपैकी काहींना पूर्ण नंबर दिला आणि काहींना पाऊणने कमी. दोन वर्षांत कमी नंबरवाल्यांची निकटदृष्टिता सुमारे एक डायॉप्टरने वाढली आणि पूर्ण नंबरवाल्यांची सुमारे पाऊणने. नंतर चीनमध्ये बारा वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात अजिबात चष्मा न लावणाऱ्यांची वाढ काहीशी कमी दिसली, हेही सांगायला हवे. पुरावा एकसुरी नाही; पण चष्मा टाळणे हा सिद्ध झालेला उपाय आहे, असे म्हणण्याइतका आधार त्यात कुठेच नाही.

ज्यांना आधार आहे असे उपाय वेगळे आहेत. चीनमधील ग्वांगझू येथील शाळांत झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रोज ४० मिनिटे जादा वेळ मुलांना बाहेर उजेडात नेल्याने तीन वर्षांत नव्याने निकटदृष्टिता येण्याचे प्रमाण ३०.४ टक्के राहिले; तुलनेच्या इतर शाळांत ते ३९.५ टक्के होते. वाढ मंदावण्यासाठी अल्प मात्रेतील अ‍ॅट्रोपिनचे थेंब आणि खास रचनेची भिंगे नेत्रतज्ज्ञ वापरतात. साधा चष्मा नंबर वाढवत नाही आणि उतरवतही नाही. तो दाखवण्याचे काम करतो.

मोठ्यांच्या बाबतीत बारीक नंबर बहुधा स्थिर असतो. एकाच माणसाची आठवड्याच्या अंतराने दोनदा तपासणी केली तरी पाव नंबराचा फरक सहज येतो, म्हणून पावाच्या फरकाला ‘नंबर वाढला’ म्हणू नये. पण नंबर अचानक किंवा भराभर बदलला तर त्याचे कारण शोधावे लागते : रक्तातली साखर वरखाली होणे, मोतीबिंदूची सुरुवात, किंवा तरुणांमध्ये पारपटल, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, शंकूसारखे पुढे येणे. संदेशाचा खरा धोका मला इथे वाटतो. चष्मा टाळणारा माणूस तपासणीही टाळू लागतो.

व्यायामांचे तिसरे विधान शंभर वर्षांहून जुने आहे. अमेरिकेतील डॉक्टर विल्यम बेट्स यांनी १९२० साली ते पुस्तकरूपाने मांडले. डोळ्याबाहेरचे स्नायू नेत्रगोलाला दाबून लांबवतात आणि त्यानेच नजर जुळते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यापूर्वीच १८५५ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी नजर आतल्या भिंगाचा आकार बदलून जुळते हे दाखवून दिले होते. तरीही व्यायामानंतर बरे दिसते असे सांगणारे सगळे खोटे बोलत नाहीत. तोच तक्ता रोज पाहिला की अक्षरे पाठ होतात, पुसट अक्षर ओळखण्याचा सराव होतो, आणि नकळत डोळे बारीक केले की फट अरुंद झाल्याने कडा ठसठशीत होतात. नंबर जिथे होता तिथेच असतो. दर वीस मिनिटांनी पडद्यावरून नजर काढून लांब पाहणे ही सवय उत्तम आहे, त्याने थकवा कमी होतो. दोन डोळे जवळच्या वस्तूवर नीट वळत नसतील तर त्यासाठी ठरावीक व्यायामही खरोखर उपयोगी पडतात. या दोन्हींचा नंबराशी संबंध नाही. सूर्याकडे पाहण्याचा जो ‘व्यायाम’ या संदेशांत अधूनमधून डोकावतो, त्याबद्दल मात्र वाद घालण्यासारखे काही नाही : त्याने दृष्टिपटल भाजते आणि ते नुकसान भरून येईलच असे नाही.

आता जी गोष्ट खरी आहे तिच्याकडे येऊ. बारीक नंबराला चष्मा लावलाच पाहिजे असा नियम नाही. उणे नंबराचा अर्थ मोजपट्टीने समजतो. चष्मा काढून, एका डोळ्यावर तळवा ठेवून, बारीक छपाईचा कागद हळूहळू लांब नेत जावे. अक्षरांच्या कडा जिथे विरघळू लागतात ते अंतर सेंटिमीटरमध्ये मोजून शंभरला त्याने भागावे, की ढोबळ नंबर हाती येतो. उणे अर्ध्याला ते अंतर दोन मीटर, उणे पाऊणला साधारण १३३ सेंटिमीटर, उणे एकला एक मीटर. म्हणजे उणे अर्ध्याच्या माणसाला टेबलावरचे सगळे काम आणि समोर बसलेल्याचा चेहरा चष्म्याविना स्वच्छ दिसतो. त्याने घरात चष्मा लावला नाही तर काहीही बिघडत नाही. तोच माणूस रात्री वाहन चालवतो तेव्हा प्रश्न बदलतो : अंधारात बाहुली मोठी होते, त्यामुळे तोच अर्धा नंबर दिवसापेक्षा जास्त पुसट दाखवतो आणि समोरच्या दिव्यांभोवती पिसारे फुटतात. तिथे चष्मा लावावा. ‘लावायचा तर दिवसभर, नाहीतर नकोच’ या आग्रहाला मोठ्यांच्या बारीक नंबराबाबत आधार नाही.

ही मोकळीक लहान मुलांना लागू होत नाही, आणि संदेशात हा भेद कुठेच नसतो. सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू पाहायला शिकत असतो. दोन डोळ्यांच्या नंबरांत फरक असेल तर तो स्पष्ट दिसणाऱ्या डोळ्यावर भिस्त ठेवतो आणि दुसरा मागे पडतो; मूल तक्रार करत नाही, कारण एका डोळ्याने त्याचे सगळे भागत असते. ‘आळशी डोळा’ हे नाव खरोखर ज्या दोषाला आहे तो हाच, आणि तो चष्मा न लावल्याने होतो. अर्थात मुलाचा प्रत्येक बारीक अधिक नंबर चष्म्याच्या लायकीचा नसतो. तिरळेपणा नसेल तर नेत्रतज्ज्ञ अनेकदा थांबतात. तो निर्णय त्यांचा असू द्यावा.

राहिला धंद्याचा आरोप. पाव नंबराचा चष्मा विकला जातो, तरुणाला अधिक पावाची काच दिली जाते आणि तिने काही फरक पडत नाही, हे मी नाकारत नाही. पण त्यावरचा उपाय चाचणीच्या खुर्चीतच आहे. नंबर काढून झाला की ती भिंगे चाचणीच्या चौकटीत घालून द्यायला सांगावे, दाराशी जाऊन जितके लांबचे दिसेल तितके पाहावे, आणि चौकट तीन-चार वेळा उचलून पुन्हा ठेवावी. फरक कळत नसेल आणि डोकेदुखी, पुसटपणा किंवा रात्रीची अडचण यांपैकी कशासाठीही आपण आलो नसू, तर नंबराचा कागद घडी घालून खिशात ठेवावा आणि पुढच्या तपासणीला सोबत न्यावा.