माहिती अधिकाराचा कायदा कुणी आणला? एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

माहिती अधिकाराच्या कायद्यावर जनसंघटनांचा किती प्रभाव पडला, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी कार्यकर्त्यांच्या आठवणींवर विसंबलो, कायदा खरा आला तो २००४ च्या सत्तांतरामुळे, आणि ‘परदेशी पैशांवर चालणाऱ्या एनजीओं’ना मी फुकटचं श्रेय दिलं.

पहिला आक्षेप मान्य. मुलाखत देणारा खोटं बोलतो असं नाही, पण जिंकलेल्या लढ्याची गोष्ट सांगताना वाटेतली वळणं गळून पडतात. धरणं धरलं, निवेदन दिलं, मग कायदा झाला. त्या ‘मग’मध्ये काय घडलं हे शोधणं हेच तर संशोधकाचं काम, आणि लेखात मी तिथे पुरेसा थांबलो नाही. म्हणून आता थांबतो.

२००२ चा माहिती स्वातंत्र्य कायदा आणि २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम शेजारी शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दंड नाही आणि अपील पुन्हा सरकारी यंत्रणेकडेच. संसदेने तो मंजूर केला, पण तो कधी लागूच झाला नाही. दुसऱ्यात अपिलासाठी स्वतंत्र माहिती आयोग आहे, आणि दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार रुपये दंड आहे, तोही अधिकाऱ्याच्या खिशातून.

या दोन्हींच्या मधला एक कागद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: डिसेंबर २००४ मध्ये लोकसभेत मांडलेलं विधेयक. ते फक्त केंद्र सरकारला लागू होणार होतं. म्हणजे ग्रामपंचायत, तहसील कचेरी, पोलीस ठाणं, सगळं बाहेर. मे २००५ मध्ये मंजूर झालेला कायदा मात्र राज्यांनाही लागू झाला. मधल्या काळात विधेयक तपासणीसाठी संसदीय स्थायी समितीकडे होतं आणि संघटनांनी हा मुद्दा लावून धरला होता.

का लावून धरला? त्यासाठी दहा वर्षं मागे जावं लागतं. डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानातल्या कोट किराना इथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई, म्हणजे गावकऱ्यांसमोरची जाहीर सुनावणी, घेतली. सरकारी कामांची मस्टर, म्हणजे मजुरांच्या हजेरीच्या आणि मजुरीच्या नोंदी, गावासमोर मोठ्याने वाचली गेली. ज्यांच्या नावावर मजुरी उचललेली दिसत होती, ती माणसं समोरच बसलेली होती, आणि आपण त्या कामावर गेलोच नव्हतो असं सांगत होती. मागणी जन्मली ती या मस्टरमधून. आणि मस्टर दिल्लीच्या फायलीत नसतं, ते असतं पंचायतीच्या कपाटात. केवळ केंद्रापुरता कायदा झाला असता, तर ज्या कागदासाठी हे सगळं सुरू झालं तोच हाती लागला नसता. मसुद्यातला तो बदल मी प्रभावाचा पुरावा मानतो तो यासाठी.

सत्तांतराचं महत्त्व मी नाकारत नाही. नव्या सरकारला धोरणांवर सल्ला देणारी राष्ट्रीय सल्लागार परिषद नेमली गेली, तिच्यात मजदूर किसान शक्ती संघटनेच्या अरुणा रॉय आणि अर्थतज्ज्ञ जाँ द्रेझ होते, आणि त्यामुळे संघटनांचा मसुदा थेट आत पोहोचला. हे दार उघडलं नसतं तर कदाचित आणखी कित्येक वर्षं गेली असती. पण सत्तांतराने कायदा केव्हा झाला ते कळतं. कायद्यात काय लिहिलं गेलं ते त्यातून कळत नाही. आणि १९९७ ते २००२ या काळात तमिळनाडू, गोवा, राजस्थान, कर्नाटक, महाराष्ट्र इथे वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी आपापले कायदे केलेच होते.

पैशांबद्दल: मजदूर किसान शक्ती संघटना संस्थात्मक निधी, देशी असो वा परदेशी, घेत नाही, लोकांच्या वर्गणीवर चालते. इतर अनेक संस्था घेतात, आणि तिथे निधी देणाऱ्याने विषय ठरवला का, हे तपासलंच पाहिजे. पण सगळ्यांना एकाच ‘एनजीओ’ शब्दात कोंबलं की तपासायला काही उरत नाही.

खरं तर तुम्ही मला वेगळ्याच ठिकाणी धरायला हवं होतं. मी जिंकलेलं प्रकरण निवडलं. २००६ मध्ये फायलींवरचे शेरे कायद्याबाहेर काढण्याचा प्रयत्न सरकारला विरोधामुळे सोडावा लागला, हेही मी आनंदाने लिहिलं. पण २०१९ मध्ये माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवण्याचे अधिकार केंद्राकडे गेले. आंदोलनाचा तोच वारसा होता, विरोधही झाला, राज्यसभेत विधेयक तपासणीसाठी प्रवर समितीकडे पाठवण्याची मागणी फेटाळली गेली आणि दुरुस्ती मंजूर झाली. २००५ मध्ये स्थायी समितीची ती एक पायरी होती, जिथे उभं राहून बोलता आलं. २०१९ मध्ये ती पायरीच नव्हती. संघटनांचं बळ किती आणि त्यांना मिळालेल्या जागेचं किती, हे या दोन प्रसंगांच्या तुलनेशिवाय सांगता येणार नाही, आणि ती तुलना माझ्या लेखात नव्हती.

‘आंदोलनाने कायदा आणला’ हे लेखातलं वाक्य आज बदललं आहे. तिथे आता ‘आंदोलनाने कायद्याचा मजकूर बदलला’ असं आहे. २०१९ वर स्वतंत्र लिहितो आहे, ते आधी तुम्हालाच वाचायला पाठवेन.