छत्तीसपैकी दहा

नवरा बोटीवर आहे, तीन महिने झाले. एवढी एक माहिती लिहायला १९ प्रश्नांच्या त्या कागदावर कुठेही जागा नव्हती, म्हणून मला मार्क पडले १०. छत्तीसपैकी.

एफएसएफआय म्हणतात त्याला. बाईचं लैंगिक आयुष्य मार्कांत मोजणारी २००० सालची प्रश्नावली. इच्छा, उत्तेजना, ओलावा, कामतृप्ती, समाधान, वेदना. सगळं गेल्या चार आठवड्यांपुरतं. आमच्या कागदावर ओलाव्याला कुणीतरी ‘वंगण’ करून ठेवलं होतं.

“वंगण?” शेजारच्या काकू माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. “शिलाई मशीनचं आहे का हे?”

मी कागद तिरका केला. त्याही तिरक्या झाल्या.

“चार आठवडे म्हणजे पाळीचे दिवस धरून की सोडून?”

“धरूनच असतील.”

“आणि हे ‘साधारण निम्म्या वेळा’. महिन्यात एकदाच झालं तर निम्मं कसं काढायचं गं?”

हे मात्र चोख होतं. एकदाच झालं तर ‘नेहमी’ नाहीतर ‘कधीच नाही’. मधले पर्याय शोभेचे.

“दुखतं का, यात जास्त मार्क कुणाला?”

“जिला दुखत नाही तिला. ५.”

“तुझे?”

“प्रयत्नच नाही, म्हणून ०. मिस्टर बोटीवर असतात.”

“बोटीवर!” अख्ख्या ओपीडीला कळलं. “म्हणजे दर वेळी कळ येते तिला १ आणि तुला भोपळा?”

हो, काकू. तो शून्य म्हणजे खरं तर ‘लागू नाही’, पण बेरजेत तो नापासाचाच शून्य होतो. दुखतं म्हणून टाळणारीलाही तोच. इच्छेची बेरीज ०.६ ने गुणायची, उत्तेजना आणि ओलावा ०.३ ने, उरलेले तीन भाग ०.४ ने. इच्छेत माझे पाच-पाच, म्हणजे ६. समाधानात जवळिकीला ०, बाकी दोन्हींत मी उदार मनाने ५-५ दिले, झाले ४. उरलेले शून्यही सिस्टरने कॅल्क्युलेटरवर इमानदारीत गुणले.

मर्यादा २६.५५. दोन दशांश स्थळं! सोनार तोलतो तसं. आणि ‘बाई, याचा तुला त्रास होतोय का?’ हे १९ मध्ये कुठेच नाही. त्रास नसेल तर निदानच होत नाही, पण तो मोजायला वेगळी प्रश्नावली, आणि ती क्लिपबोर्डला कुणी लावलेली नव्हती.

सिस्टरने दहाला लाल गोल केला.

“पासिंग किती?” काकू.

“सव्वीस पंचावन्न.”

“अगंबाई! मग बोट लागली की एटीकेटी दे.”