राजवाडा दाखवलात, काटेरी तारही दाखवा

पहिल्या महायुद्धातल्या जखमी भारतीय सैनिकांना इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या राजवाड्यात 'सन्मानाने ठेवलं', हे तुमच्या लेखातलं वाक्य मला खटकलं. त्या राजवाड्यात, म्हणजे रॉयल पॅव्हिलियनमध्ये, नऊ वेगळी स्वयंपाकघरं होती, हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे नळही वेगळे होते, हे खरं. त्याचे फोटो पोस्टकार्डांवर छापून प्रचारही झाला. पण त्याच गावात पूर्वीच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांना कामाला जुंपणाऱ्या आश्रमात, किचनर हॉस्पिटल होतं. तिथे भोवती काटेरी तारा, दारावर पहारा. बरे होत आलेल्या माणसांनाही मोकळेपणी बाहेर फिरायला बंदी! हे गाळून 'सन्मान' कसा लिहायचा?

मी ब्रायटनमध्ये नऊ वर्षं राहते. दरवर्षी जूनमध्ये जवळच्या पॅचमवरून टेकडी चढून छत्री या स्मारकापाशी जाते. इथे मरण पावलेल्या 53 हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन तिथे झालं, 1921मध्ये स्मारक उभं राहिलं. पण त्या सगळ्यांची नावं शेजारच्या दगडी भिंतीवर कोरली गेली ती 2010मध्ये. पहिल्यांदा गेले तेव्हा प्रत्येक नाव मी मोठ्याने वाचलं. माझं माहेर खडकीचं. तिथल्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंता दलाच्या, दोन कंपन्यांची ऑक्टोबर 1914मध्ये फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलला धूळधाण झाली, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही, इथल्या एका स्वयंसेवक आजीबाईंनी सांगितलं. इतकी मेहनत घेणाऱ्या या स्वयंसेवक मंडळींनी आपल्या पुढच्या फेरीत किचनरची इमारतही दाखवावी. मी सोबत यायला तयार आहे.