मुंबई–लंडन विमान पाच तासांत पोहोचत नाही

फॅमिली ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘मुंबईहून लंडन फक्त पाच तास, परत यायला मात्र साडेचौदा, कारण पृथ्वी फिरते.’ हे साफ चूक आहे. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या शहरातल्या असतात. समजा, हिवाळ्यात मुंबईहून पहाटे २ ला निघालात आणि लंडनला सकाळी ७ ला उतरलात. तिथलं घड्याळ तेव्हा साडेपाच तास मागे असतं, म्हणजे प्रवास साडेदहा तासांचा झाला. परतीचे साडेचौदाही असेच नऊ होतात. (उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा धरा.)

हवाई अंतर दोन्ही बाजूंनी सुमारे ७,२०० किलोमीटर. मग तास-दीड तासाचा फरक राहतो तो कशामुळे? पृथ्वीबरोबर वातावरणही फिरतं, तेव्हा ते कारण नाहीच. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, जेट स्ट्रीम. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द बंद झाल्यावर भारतीय कंपन्यांच्या विमानांना वळसा पडला, पण तो जाता-येता दोन्ही वेळा.

आई-बाबांना एकटं पाठवणार असाल तर कृपा करून औषधं पाच तासांच्या हिशेबाने देऊ नका. बुकिंग करताना ‘ड्युरेशन’ दाखवतात, ते बघा.