लेकराचे जुलाब आणि ‘अडाणी आई’ ही सोयीची सबब

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की वाळवा, पलूस, कराड या पट्ट्यात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. तिथल्या एखाद्या तान्ह्या लेकराला जुलाब लागले की आपल्याकडे एक ठरलेले वाक्य ऐकू येते: ‘या बायकांना स्वच्छताच कळत नाही.’ माझा आक्षेप या वाक्याला आहे, कारण लहान मुलांमध्ये अतिसाराचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींपैकी फारच थोड्या आईच्या हातात असतात.

आजार किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ४ लाख ४४ हजार मुले अतिसाराने दगावतात. कोलकात्यासह आशिया-आफ्रिकेतील सात ठिकाणी झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, मध्यम ते तीव्र जुलाब झालेल्या मुलांना पुढच्या सुमारे दोन महिन्यांत असलेला मृत्यूचा धोका इतर मुलांच्या साडेआठ पट आढळला, आणि दगावलेल्यांत दोन वर्षांखालील मुलेच बहुसंख्य होती.

आता कोपीत डोकावून पाहू. पाणी विहिरीचे किंवा टँकरचे, साठवण उघड्या पिंपात. विहिरीत टीसीएल (पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग पावडर) टाकलेली असली तरी पिंपात तांब्या बुडवणारा प्रत्येक हात ते पाणी पुन्हा दूषित करू शकतो. शौचालय नाही. बैल कोपीलगतच बांधलेले, आणि रांगते मूल त्याच मातीत हात घालून तोच हात तोंडात घालते. पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध हे मोठे संरक्षण असते. पण आई दिवस उगवण्याआधीच फडात जाते आणि बाळ सांभाळायला आठ-नऊ वर्षांची बहीण मागे राहते. मग वरच्या दुधाची बाटली येते, ती त्याच पिंपातल्या पाण्याने विसळली जाते आणि उरलेले दूध उन्हात तसेच पडून राहते. मूल आधीच कुपोषित असेल तर जुलाब लांबतात, लांबलेल्या जुलाबांनी कुपोषण वाढते. महाराष्ट्रात २०१९ पासून नियमित लसीकरणात आलेल्या, जुलाब घडवणाऱ्या विषाणूविरुद्धच्या रोटाव्हायरस लसीचे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे डोस नेमके स्थलांतराच्या काळात आले, तर तेही चुकण्याची शक्यता असते.

केवळ प्रबोधनाने हे सुटेल, असे मानणाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध झालेले दोन प्रयोग पाहावेत. बांगलादेशात शौचालय, हातधुणी आणि पोषण यांच्या उपायांनी जुलाब कमी झाले, पण केनियात तशाच उपायांनी फरक पडला नाही. म्हणजे प्रत्यक्ष उपाय करूनही यशाची खात्री नसते, मग नुसत्या प्रबोधनाची कुठून असणार?

आईला सांगण्यासारखे काहीच नाही, असे माझे म्हणणे नाही. जुलाब लागताच जलसंजीवनी आणि झिंकच्या गोळ्या सुरू कराव्यात, अंगावरचे दूध बंद करू नये आणि ‘दात येताहेत’ म्हणून वाट पाहत बसू नये, हे तिला कळलेच पाहिजे. मात्र दाताची समजूत आणि सलाईनचा आग्रह आमच्या सुशिक्षित घरांतही तितकाच पक्का आहे, आणि तिथे कोणी आईला अडाणी म्हणत नाही.

म्हणून हंगामाआधी कोप्यांच्या जागेवर शुद्ध पाण्याची तोटी, झाकणाची पिंपे, शौचालये आणि फडाच्या जवळ पाळणाघर असले पाहिजे. हे कोणी करायचे, असे विचारले तर मुकादम कारखान्याकडे बोट दाखवतो, कारखाना ग्रामपंचायतीकडे, आणि ग्रामपंचायत म्हणते की ही माणसे आमच्या यादीत नाहीत.