अधिकार मिळाला, पण गुप्तता?

लेखात मताधिकार कोणाला कधी मिळाला याचा आढावा चांगला घेतलाय, पण गुप्त मतदानाचा उल्लेखच नाही. ब्रिटनमध्ये 1872 पर्यंत मतदाराला सगळ्यांसमोर उमेदवाराचं नाव सांगावं लागे. कोणी कोणाला मत दिलं याची पुस्तकं चक्क छापून विकली जात! जमीनदाराची जमीन कसणारं कूळ त्याच्या विरोधात कसं जाणार? तिथल्या कामगारांच्या राजकीय हक्कांसाठी चळवळ करणाऱ्या चार्टिस्टांनी 1838 सालीच गुप्त मतदान मागितलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींत ते 1856 मध्ये आलं, म्हणजे खुद्द ब्रिटनच्या सोळा वर्षं आधी.

गंमत अशी की, 1867 मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी संसदेत दुरुस्ती मांडणारा ब्रिटिश विचारवंत आणि खासदार जॉन स्टुअर्ट मिल गुप्त मतदानाच्या विरोधात होता. मत ही समाजाने सोपवलेली जबाबदारी, ती उघडपणे पार पाडावी, असं त्याचं म्हणणं. ऐकायला उदात्त आहे, पण पोट दुसऱ्याच्या हातात असलेल्याला हे कसं परवडावं? प्रशिया या जर्मन राज्यात तर 1918 पर्यंत मतदान उघडच होतं आणि भरलेल्या करानुसार मतदारांचे तीन वर्गही होते. लेखकाने या बाजूवरही जरूर लिहावं.